दोन गणपती, एक ग्रहण आणि नारायण पेठ

आजच्या गप्पांत कर्ज नाही, हप्ता नाही, बँकेचं पासबुकही नाही. आज आकाशाबद्दल बोलायचं आहे. पण सुरुवात मोदकांपासून करावी लागेल, कारण आम्हाला आकाशाकडे बघायला मोदकांनीच लावलं.

गोष्ट २०२३ सालची. आपल्या गटाच्या उकडीच्या मोदकांना तेव्हा पुण्यातून थोडी थोडी मागणी येऊ लागली होती. जुलैअखेर नारायण पेठेतल्या एका आजींचा फोन आला. गणपतीला एक्कावन्न मोदक हवेत, वीस तारखेला. आम्ही वहीत लिहिलं, २० सप्टेंबर. भिंतीवरच्या कॅलेंडरात गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्याला हवे असतील, असं आम्हीच ठरवून टाकलं. १८ ऑगस्टला आजींचा पुन्हा फोन. "काय गं, परवा किती वाजेपर्यंत येताय?"

आम्ही गारच पडलो. अधिक महिना संपून श्रावण नुकता कुठे लागला होता. तांदूळ धुऊन सावलीत वाळवून दळायला वेळ नव्हता. शेजारच्या गटाकडून पिठी उसनी आणली, नारळ मिळतील तिथून गोळा केले, रात्रभर सारण परतलं आणि रविवारी सकाळी डबे घेऊन पुणं गाठलं. तोवर मनात होतं, आजींची काहीतरी गफलत झाली असणार. दार उघडलं तर समोर मखर, मखरात गणपती बसलेला, आरतीची तयारी चाललेली! आजी म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे टिळक पंचांग. आमचा भाद्रपद लागला."

परतताना एसटीत आमच्या गटातल्या सगळ्यांत वयस्क मावशींनी विचारलं, "आकाशात चंद्र एकच. मग चतुर्थ्या दोन कशा?" उत्तर एकीलाही देता आलं नाही. आमचं शिक्षण बी.ए.पर्यंत, तेही इतिहास घेऊन. खगोलशास्त्राचा आणि आमचा संबंध दाते पंचांग आणि कालनिर्णय यापुढे गेलेला नव्हता. पण मावशींचा प्रश्न डोक्यातून जाईना. मग आम्ही आम्हाला जमेल त्या बाजूनं, म्हणजे इतिहासाच्या बाजूनं शोधायला लागलो. पहिला धागा त्या आजींच्या घरापासून चालत काही मिनिटांवर सापडला.

नारायण पेठ म्हटलं की आपल्याला आधी साडी आठवते. ती नारायणपेठ वेगळी बरं का, ते गाव तेलंगणात आहे. पुण्याची नारायण पेठ नारायणराव पेशव्यांच्या नावाची. मुठा नदीच्या काठाला लागून असलेली ही जुनी वस्ती. तिथे केसरीवाडा आहे. मानाचा पाचवा गणपती तोच. पूर्वी तो बडोद्याच्या गायकवाडांचा वाडा होता, १९०५ च्या सुमारास लोकमान्य टिळकांकडे आला. 'केसरी'चं काम तिथून चाललं. टिळक आपल्याला मंडालेच्या तुरुंगामुळे माहीत, सार्वजनिक गणपतीमुळे माहीत. ते मूळचे गणिताचे विद्यार्थी आणि पंचांगाचा हिशोब हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय, हे आम्हाला मोदकांचं निमित्त होईपर्यंत माहीत नव्हतं.

पण गोष्ट टिळकांच्याही आधी सुरू होते. आपल्याकडची जुनी पंचांगं 'ग्रहलाघव' नावाच्या ग्रंथावरून करत. तो लिहिला कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी, साल १५२०. पुस्तक फार हुशारीनं केलेलं, गणित सोपं. पण कुठलंही घड्याळ दिवसाला थोडं मागे पडत असेल तर महिन्याभरात कळत नाही, दहा वर्षांनी मात्र गाडी चुकते. तसंच झालं. तीनशे वर्षांत पंचांगातले ग्रह आणि आकाशातले ग्रह यांची फारकत झाली. ग्रहण लागायची वेळसुद्धा जुळेना.

हे ज्यांनी मनावर घेतलं त्यांतले मोठे नाव केरूनाना छत्रे यांचं. अलिबागजवळच्या नागावचे. तरुणपणीच मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला लागले, तिथे रोज आकाशाच्या नोंदी केल्या. पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले. १८६० साली त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' हे पुस्तक काढलं, तेही मराठीत. त्यानंतर काही वर्षांतच आबासाहेब पटवर्धन यांच्या मदतीनं नव्या गणिताचं पंचांग निघालं. त्याला पटवर्धनी पंचांग म्हणत. डेक्कन कॉलेजात टिळक त्यांचे विद्यार्थी होते.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. जरा लक्ष देऊन ऐका, रव्याच्या लाडवाच्या पाकाएवढंच अवघड आहे.

अमावास्येपासून अमावास्येपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस होतात. असे बारा महिने झाले की ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष मात्र ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवस कमी पडतात. ते तसेच सोडले तर दिवाळी सरकत सरकत पावसाळ्यात जाईल. म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून हिशोब जुळवतात. आपण गटाच्या खात्यात शिल्लक जुळवतो तसाच. तो कुठे घालायचा याचा नियम असा की ज्या चांद्र महिन्यात सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जात नाही, म्हणजे संक्रांत होत नाही, तो अधिक.

राशी बारा. पण हे वर्तुळ आहे, त्याला सुरुवात नाही. बांगडीची सुरुवात कुठून मोजणार? कुठेतरी खूण करावी लागते. छत्र्यांनी ती रेवती नक्षत्रातल्या एका मंद ताऱ्यापाशी केली. टिळकांनी त्यांचीच बाजू उचलून धरली. दुसरा पक्ष म्हणाला, चित्रा हा ठळक तारा घ्या आणि त्याच्या बरोबर समोरच्या जागेपासून मोजा. या दोन खुणांमध्ये साधारण चार अंशांचं अंतर आहे. सूर्य दिवसाला सुमारे एक अंश सरकतो. म्हणून टिळक पंचांगात प्रत्येक संक्रांत चार दिवस आधी येते.

२०२३ मध्ये १८ जुलै ते १६ ऑगस्ट या चांद्र महिन्यात आपल्या नेहमीच्या पंचांगाप्रमाणे एकही संक्रांत नव्हती. सूर्य सिंह राशीत गेला १७ ऑगस्टला. अवघ्या एका दिवसानं महिना 'अधिक' ठरला. आजींच्या पंचांगात सूर्य चार दिवस आधीच सिंहेत पोचला होता, म्हणून तोच महिना त्यांचा नेहमीचा श्रावण. त्यांचा अधिक महिना पुढे केव्हातरी आला. चंद्र एकच, चतुर्थीही तीच. फरक महिन्याच्या नावाचा. बहुतेक वर्षी दोन्ही गणपती एकाच दिवशी येतात, एखाद्या वर्षी असे वेगळे होतात. आम्ही हे मावशींना अंगणात खडूनं वर्तुळ काढून समजावलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे देव भांडत नाहीत, मोजणारे भांडतात." आमचं शिकवणं एवढ्या एका वाक्यात संपलं.

या भांडणात पुण्यापासून दूरचा एक माणूसही होता. व्यंकटेश बापूजी केतकर, नोकरीनं शाळामास्तर, मुक्काम बागलकोट-विजापूरकडे. चित्रा पक्षाच्या बाजूचं मोठं नाव. पुढे १९५२ साली भारत सरकारनं मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली आणि तिनं चित्रा ताऱ्याचीच खूण धरली. रेडिओवर बातम्यांआधी 'भारतीय सौर' तारीख सांगतात ना, ती दिनदर्शिकाही याच समितीची, २२ मार्च १९५७ पासून सुरू झालेली. तर या केतकरांनी १९११ साली फ्रान्समधल्या खगोलशास्त्राच्या मासिकात लेख लिहिला की नेपच्यूनच्या पलीकडे आणखी ग्रह असणार. एकाचं अंतर त्यांनी पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधल्या अंतराच्या सुमारे ३९ पट सांगितलं आणि सूर्याभोवती फेरी २४२ वर्षांची. १९३० साली प्लूटो सापडला. अंतर जवळपास तेवढंच, फेरी २४८ वर्षांची. प्लूटो फारच छोटा असल्यानं हा योगायोग होता, असं पुढच्या शास्त्रज्ञांचं म्हणणं, आणि ते आम्हाला पटतं. पण विजापूरकडे बसून, दुर्बिणीशिवाय, कागदावर एवढं मांडणारा मास्तर आमच्या शाळेच्या पुस्तकात का नव्हता, हे मात्र पटत नाही. आणि बाई, त्या प्लूटोला नाव कुणी सुचवलं ठाऊक आहे? इंग्लंडमधल्या अकरा वर्षांच्या एका मुलीनं, व्हेनिशिया बर्नी तिचं नाव. आजोबांबरोबर नाश्ता करता करता.

दुसरे मास्तर शंकर बाळकृष्ण दीक्षित. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे, जन्म १८५३. शिक्षण मॅट्रिक, म्हणजे आमच्याहूनही कमी. वेगवेगळ्या गावच्या शाळांत शिकवलं, शेवटी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आले. १८९६ साली त्यांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' छापून आलं. आपल्या देशात आकाशाचा अभ्यास कुणी, कधी, कसा केला याचा सगळा इतिहास त्यात आहे. हा ग्रंथ पुढे सरकारला इंग्रजीत आणावा लागला.

त्यांचा एक शोध आपल्यालाही कळण्यासारखा आहे. शतपथ ब्राह्मण या जुन्या ग्रंथात असं आलंय की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. दीक्षित तिथे थांबले. आज कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवत नाहीत, थोड्या उत्तरेकडे सरकून उगवतात. कार्तिकात तिन्हीसांजेला घराच्या ओट्यावरून बघा, लहान झुबक्यासारखे तारे दिसतील. मग त्या नेमक्या पूर्वेला कधी उगवत असतील? पृथ्वी भोवऱ्यासारखी डुलते, एक डोलणं पुरं व्हायला सुमारे २६ हजार वर्षं लागतात. तो हिशोब मागे नेत त्यांनी काळ काढला, इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षं. टिळकांनीही याच धर्तीवर मृग नक्षत्राला धरून वेदांचा काळ आणखी मागे नेला. त्यांचं 'ओरायन' १८९३ चं, म्हणजे केसरीवाड्यात येण्याआधीचं. टिळकांनी काढलेला काळ आज बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. एका जुन्या ओळीचा किंवा एका ताऱ्याचा किती भरवसा धरायचा, हा वाद अजून आहे. तरी आम्हाला दीक्षितांची रीत आवडली. ओळ वाचली, मग बाहेर येऊन वर बघितलं.

आणि हे तारे आपल्या अनोळखी नाहीतच. मृग ७-८ जूनला निघतो हे आपल्याला कुठल्या मास्तरांनी शिकवलं? आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, हस्ताचा पाऊस, सगळं पेरणीच्या हिशोबात पाठ. गणपती मागेपुढे होतो पण मृग होत नाही, कारण गणपती चंद्रावर आहे आणि मृगाचा दिवस सूर्यावर. महिन्यांची नावंही तिथलीच. चैत्राची पौर्णिमा चित्रेजवळ, कार्तिकाची कृत्तिकेजवळ, माघाची मघेजवळ. आमच्या आज्या जात्यावर बसायच्या तेव्हा शुक्राची चांदणी बघून पहाट ओळखायच्या. ती चांदणी म्हणजे तारा नव्हे, ग्रह आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नाही एवढंच.

आता ग्रहणाचं सांगतो, ज्यासाठी खरं तर आजची ही बैठक घ्यायची ठरवली.

२१ जून २०२०. लॉकडाऊन चालू होता. सकाळी दहाच्या सुमाराला सूर्यग्रहण लागलं ते दुपारी दीडपर्यंत होतं. आमच्यातली एक तेव्हा सातव्या महिन्यात होती. सासूबाईंनी तिला आतल्या खोलीत बसवलं, खिडकीला घोंगडी लावली. अन्न नाही, पाणी नाही. चिरायचं नाही, शिवायचं नाही, आडवंही व्हायचं नाही. उकाड्यात साडेतीन तास. उठताना तिला घेरी आली आणि ती उंबऱ्यावर पडली. बाळ-बाळंतीण पुढे सुखरूप राहिली, पण त्या दुपारी दवाखान्यात जायला गाडी मिळेपर्यंत घरातल्या कुणाच्या जिवात जीव नव्हता. सासूबाई वाईट नव्हत्या. नातवाच्या काळजीनंच केलं सगळं. त्यांना जसं बसवलं होतं तसं त्यांनी सुनेला बसवलं.

जुने कागद वाचताना आम्हाला दुसऱ्या एका ग्रहणाची तारीख सापडली. २२ जानेवारी १८९८. खग्रास सूर्यग्रहण, आणि सावली आपल्याच महाराष्ट्रावरून गेलेली. पुण्यात प्लेगचे दिवस होते, टिळक राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात होते, तिथेही वेद वाचत होते. विजयदुर्गच्या किल्ल्यावर इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर आले होते. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची मंडळी उतरली होती. जेऊरलाच पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते. याच नायगमवालांनी १८८८ मध्ये पुण्यात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली होती. वीस इंची आरशाची दुर्बीण, तेव्हा देशात सगळ्यांत मोठी. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

पण आमचं लक्ष त्या दिवसाच्या बायकांवर खिळलं. जेऊरला अमेरिकन पथकाच्या प्रमुखांची पत्नी एलिझाबेथ कॅम्पबेल कामाला होती. आणि वऱ्हाडात, तळणी या गावी, अॅनी माँडर नावाची इंग्रज बाई स्वतःचा छोटा कॅमेरा घेऊन उभी होती. ही बाई गणितात हुशार. ग्रिनिचच्या प्रसिद्ध वेधशाळेत नोकरीला होती. १८९५ मध्ये लग्न झालं आणि नोकरी सोडावी लागली, कारण लग्न झालेल्या बाईला ठेवायचं नाही असा तिथला नियम! म्हणजे साहेबाच्या देशातही खिडकीला घोंगडी होतीच, फक्त वेगळ्या कापडाची. अॅनीनं काम सोडलं नाही. तळणीला सुमारे दोन मिनिटं सूर्य पूर्ण झाकला गेला, तेवढ्यात तिनं फोटो घेतले. सूर्याभोवती जे पांढरं तेज दिसतं, त्याचा लाखो मैल लांब गेलेला एक झोत तिच्या फोटोत आला. एवढा लांब झोत त्याआधी कुणाच्याच फोटोत आला नव्हता, मोठ्या दुर्बिणीवाल्यांच्याही नाही.

वऱ्हाडात त्या वेळी आपल्या पणज्या कुठे असतील, ते सांगायला इतिहासकार नको.

ग्रहण म्हणजे सावली. सूर्यग्रहणात चंद्राची सावली आपल्यावर पडते, चंद्रग्रहणात आपली सावली चंद्रावर. त्या सावलीनं गर्भाला काही होत नाही, अन्नही नासत नाही. उपाशी-तहानलेलं राहिल्यानं मात्र होतं, ते आमच्यातलीनं भोगलंय. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघू नये हे खरं, आणि ते ग्रहण नसतानाही खरं. त्यासाठी खास चष्मे मिळतात. तेही नको असेल तर घरातली पिठाची चाळणी उन्हात धरा. एरवी जमिनीवर गोल ठिपके पडतात. ग्रहणात प्रत्येक ठिपका चंद्रकोर होतो.

हे सगळं कुणाला विचारायचं, असं बायका म्हणतात. पुण्यात हौशी लोकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, २२ ऑगस्ट १९४४ ला सुरू झालेली, देशातली अशी सगळ्यांत जुनी संस्था. नारायण पेठेतून सदाशिव पेठेत शिरलं की टिळक रोडवर टिळक स्मारक मंदिर आहे, त्याच्या गच्चीवर त्यांची दुर्बीण. जयंत नारळीकर सर होते तेव्हा त्यांची एक पद्धत होती. मुलं सही मागायची, तर सर म्हणायचे पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर लिहीन आणि खाली सही करीन. मे २०२५ मध्ये सर गेले. आमच्या मावशींचा दोन चतुर्थ्यांचा प्रश्न त्यांना पाठवायचा राहून गेला.

७ सप्टेंबर २०२५ ला, भाद्रपद पौर्णिमेला, खग्रास चंद्रग्रहण होतं. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालं. आम्ही मंदिरासमोरच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या. जाताना बजावून सांगितलं होतं, चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी बघायला चालतं. सगळ्या आल्या नाहीत. ज्या आल्या त्यांतल्या काही पदर तोंडावर धरून बसल्या. ढग होते. अकरानंतर मधेच ढग फाटले तर चंद्र तांब्याच्या कळशीसारखा लाल. रक्त म्हणून कुणीतरी ओरडली. आम्ही सांगितलं, पृथ्वीच्या हवेतून वाकून जो लाल उजेड जातो तो चंद्रावर पडलाय, संध्याकाळचं आकाश लाल होतं तसाच. २०२० मध्ये घोंगडी लावणाऱ्या सासूबाई नातीला मांडीवर घेऊन आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले आणि आधी सुनेच्या हातावर ठेवले. ग्रहण चालू असताना.

आपल्याकडचं पुढचं सूर्यग्रहण २ ऑगस्ट २०२७ ला, दुपारनंतर. आपल्याकडे खंडग्रास दिसेल, पावसानं उघडीप दिली तर. चाळण्या घेऊन या.